दाजींचा प्रश्न आणि रुपयाच्या आतली गोळी

बरेच वीकएंड इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच, रिलीज आणि रिलीजनंतर निघणारे बग. ती सांगून बोअर करत नाही. आजचा विषय थोडा घरचा आहे, थोडा इतिहासाचा आहे आणि लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. ताईच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, आठवा वाढदिवस होता. ताईचं सासर राहुरीतच, आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. मी वाकडेवाडीहून एसटी पकडून शनिवारी दुपारी पोचलो, तर ओसरीवर पोरांची फुगे फुगवायची चढाओढ चाललेली. भाचीनं दोन फुगवले, तिसरा अर्धा झाला आणि तिच्या हातातून सुटला. सगळे हसले. मग लक्षात आलं की फुगा सुटला नव्हता, हात सुटला होता. डावा हात लोंबत होता, ओठ एका बाजूला ओढल्यासारखा, आणि ती काहीतरी बोलत होती ते कुणाला कळत नव्हतं. दहा-बारा मिनिटं. मग सगळं पूर्ववत, आणि बाईसाहेब केक कधी कापायचा म्हणून विचारतायत.

तिची आजी घाबरून म्हणाली, "वारं गेलं गं पोरीवरनं." आमच्याकडे अर्धांगवायूला वारं जाणं म्हणतात. शेजारच्या एका काकूंचं मत पडलं की नाटक करतेय. (आठ वर्षांच्या मुलीला अर्ध्या ओठाचं नाटक करता येत असेल तर तिला थेट फिल्म इन्स्टिट्यूटला घालायला हवं.) खरं तर असं आधी दोनदा झालं होतं. एकदा खूप रडल्यावर, एकदा आत्याच्या गावच्या जत्रेत पिपाणी वाजवताना. दोन्ही वेळा "हाताला मुंग्या आल्या असतील" म्हणून सोडून दिलेलं.

नगरला एमआरआय झाला, पुण्यात अँजिओग्राफी झाली, आणि ताईनं फोनवर मला एक शब्द स्पेलिंगसकट वाचून दाखवला. मोयामोया. मला वाटलं रिपोर्ट टाइप करणाऱ्यानं काहीतरी गोंधळ केलाय.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर आणि नंतरही रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी. इथवर ठीक होतं. पण मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं, "कुणासाठी? ही तर म्हाताऱ्यांची हार्टची गोळी. लहान पोरांना ॲस्पिरिन देत नसतात." दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, परस्पर आठ दिवस गोळी बंद केली. ताईला कळल्यावर घरात जे व्हायचं ते झालं, आणि रात्री दाजींचा मला फोन आला.

दाजी शेतकरी आहेत, ऊस आणि कांदा. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला न चुकता जाणारा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारून हैराण करणारा माणूस. त्यांचा प्रश्न असा: "ड्रिपची नळी दोन तऱ्हेनं बंद पडती. एक, आत कचरा अडकतो. त्याला फिल्टर हाय, ॲसिड ट्रीटमेंट हाय. दुसरं, नळीच चेपती. डॉक्टर म्हणले पोरीची नळीच आतनं आवळत चाललीय, कचरा न्हाई. मग नळी चेपली असताना ॲसिड सोडून काय उपयोग?"

मी जावा लिहून पोट भरतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं शोधून सांगतो. (हे वाचून कुणी आपली गोळी चालू किंवा बंद करू नये, त्याला डॉक्टर आहेत.) शोधता शोधता कळलं की दाजींचा प्रश्न अजिबात अडाणी नाही. जगभरातले न्यूरोसर्जन आणि न्यूरॉलॉजिस्ट त्याच प्रश्नावर कित्येक वर्षं दोन तटांत उभे आहेत.

सुरुवात १९२७ साली लिस्बनला होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या जिवंत माणसात दिसायला लागल्या त्या एगाश मोनिश या पोर्तुगीज डॉक्टरमुळे. मानेतल्या कॅरॉटिड धमनीत एक्स-रेला दिसेल असं द्रव्य टोचायचं आणि पटकन फोटो काढायचे. त्याआधी डोक्यातल्या नळ्यांचा नकाशा फक्त शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळायचा. प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडल्यावरच लॉग बघायला मिळाला तर कसं डिबग करणार, तशी गत.

हे तंत्र पुढच्या तीस वर्षांत जगभर पोचलं. १९५७ साली जपानमध्ये ताकेउची आणि शिमिझू यांनी एका २९ वर्षांच्या माणसाची केस छापली. त्याला दहाव्या वर्षापासून नजरेचा त्रास होता आणि अंगाच्या एका बाजूला झटके यायचे. अँजिओग्राफीत दिसलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मुख्य धमन्या कवटीत शिरल्यावर जवळपास संपतातच. धमन्या जन्मतःच नीट वाढल्या नसाव्यात, असं त्यांना तेव्हा वाटलं. मग तशा केसेस जपानभर सापडायला लागल्या. १९६९ साली सेंदाईच्या जिरो सुझुकी आणि आकिरा ताकाकू यांनी रोगाला नाव दिलं. मुख्य नळी आवळत गेली की मेंदू तळाशी बारीक बारीक पर्यायी वाहिन्यांचं जाळं काढतो, आणि फोटोत ते जाळं हवेत सोडलेल्या सिगरेटच्या धुरासारखं दिसतं. अशा धूसर, भुरभुरत्या गोष्टीला जपानीत मोयामोया म्हणतात. आपल्या झुळझुळ-भुरभुरच्या जातकुळीतला शब्द. आमच्या आजींचं वारं आणि सुझुकींचा धूर, दोघांचीही निरीक्षणं एका ओळीत बसतात म्हणायची.

सुझुकींनी रोगाच्या सहा पायऱ्या मांडल्या, आणि त्यातली एक गोष्ट वाचून मी दचकलो. शेवटच्या पायऱ्यांवर धूर कमी होत जातो. म्हणजे धूर विरला की रोग बरा झाला असं नाही. तोवर आतल्या मुख्य नळ्या पार बुजलेल्या असतात आणि मेंदू कवटीबाहेरून येणाऱ्या वाहिन्यांवर जगत असतो.

फुग्याचं कोडंही इथंच सुटलं. जोरजोरात फुंकलं किंवा हुंदके देऊन रडलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो कमी झाला की मेंदूतल्या धमन्या आकुंचन पावतात. तुमच्या-माझ्या डोक्यात त्यानं फार तर गरगरतं. पण जिथं मुळातच पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत कसंबसं पोचतंय, तिथं तेवढ्यानं वाफा कोरडा पडतो. जपानी डॉक्टर गरम नूडल्सवर फुंकर घालणं आणि बासरी-पिपाणी वाजवणं ही उदाहरणं देतात. आमच्याकडे जत्रेतली पिपाणी आणि वाढदिवसाचे फुगे. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या किती लहान मुलींचे हात असे लुळे पडले असतील आणि किती घरांत त्याला कामचुकारपणा म्हटलं गेलं असेल, हे मनात आलं आणि गेलं नाही. हा रोग मुलींना मुलांपेक्षा जास्त होतो, जवळपास दुप्पट.

आता जपान सोडून मुंबईला येऊ, कारण दाजींच्या प्रश्नाची दुसरी बाजू मुंबईत सापडते. १९६५ साली लॅन्सेटमध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी शहा, शेठ आणि देशपांडे यांचा एक निबंध आला. हृदयातून किंवा दुसरीकडून सुटलेली गुठळी मेंदूच्या धमनीत जाऊन अडकलेले पेशंट त्यांनी घेतले. लगेच अँजिओग्राफी केली आणि काही काळानं पुन्हा केली. पहिल्या फोटोत धमनी ठार बंद. दुसऱ्या फोटोत तीच धमनी उघडी! गुठळी आपोआप विरघळलेली. त्याच वर्षी त्यांचा दुसरा निबंधही लॅन्सेटमध्येच आला. सीटी स्कॅन यायला अजून काही वर्षं होती, आणि मुंबईतली ही मंडळी मानेत सुई खुपसून, एकाच माणसाचे दोन वेळचे फोटो शेजारी ठेवून, अडकलेला कचरा वाहून जातो हे दाखवत होती. स्ट्रोकवरच्या मराठी लेखांत हे नाव मी कधी वाचलेलं नव्हतं. खंत वाटली.

तेव्हा बघा. एकाच दशकात, एकाच तंत्रानं, मुंबईत दिसला कचऱ्यानं बंद पडलेला पाइप आणि सेंदाईत दिसला स्वतःच आवळत गेलेला पाइप. दाजींचे दोन प्रकार. यातल्या पहिल्यासाठी गोळी आहे. ती कशी मिळाली ही वेगळीच मजा आहे.

ॲस्पिरिन ही मुळात अंगदुखी-तापाची गोळी. फेलिक्स हॉफमननं १८९७ साली बायरच्या प्रयोगशाळेत ती शुद्ध स्वरूपात बनवली. त्यामागचं मूळ द्रव्य विलो नावाच्या झाडाच्या सालीतलं. विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते, पण याच कुळातलं एक झाड आपल्याकडे नदी-ओढ्याकाठी उगवतं आणि त्याचं नाव आहे वाळुंज. हे आडनाव आमच्या भागात भरपूर. दाजींना हे सांगितल्यावर गोळीबद्दलचा त्यांचा आदर एकदम वाढला, ते असो.

ही गोळी गुठळीवर चालते हे पहिल्यांदा ओरडून सांगितलं ते लॉरेन्स क्रेव्हन यांनी. मोठं हॉस्पिटल नाही, विद्यापीठ नाही, कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावचा साधा जनरल प्रॅक्टिशनर. टॉन्सिल काढलेल्या पेशंटना ते दुखणं कमी व्हावं म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगम देत. त्यांच्या लक्षात आलं की जे पेशंट हे गम भरपूर चघळतात त्यांनाच जास्त रक्तस्राव होतो. दुसऱ्या कुणी गम बंद केलं असतं आणि विषय संपला असता. क्रेव्हननी उलटा विचार केला. जे औषध रक्त गोठू देत नाही ते हार्ट ॲटॅकही अडवेल! ते आपल्या पेशंटना रोज ॲस्पिरिन द्यायला लागले आणि १९५६ मध्ये सुमारे ८००० लोकांचा अनुभव त्यांनी छापला. हृदयाबरोबर मेंदूतल्या गुठळीचंही नाव त्या लेखाच्या शीर्षकातच होतं. पण तुलनेला गोळी न घेणारा गट नाही आणि छापलं ते एका आडवळणाच्या मासिकात. कुणी लक्ष दिलं नाही. १९५७ साली क्रेव्हन वारले, तेही हृदयविकारानं. ते स्वतः ॲस्पिरिन घ्यायचे. त्याच वर्षी तिकडे ताकेउची-शिमिझूंची केस छापून आली होती. योगायोग, बाकी काही नाही.

गोळी नेमकं काय करते हे कळायला आणखी वेळ गेला. रक्तात प्लेटलेट असतात. डेंग्यूमुळे हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. जखम झाली की प्लेटलेट एकमेकींना चिकटून बूच लावतात. १९६२ मध्ये गुस्ताव बॉर्न यांनी हे चिकटणं मोजायचं सोपं यंत्र काढलं. नळीत प्लेटलेटचं गढूळ पाणी, त्यातून प्रकाश सोडायचा. प्लेटलेटचे पुंजके झाले की पाणी निवळतं आणि प्रकाश जास्त पलीकडे जातो. बस्स, एवढंच. (हे गुस्ताव म्हणजे पदार्थविज्ञानातल्या मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. मॅक्स बॉर्न १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगलोरला होते. आणि गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ही गुस्ताव यांची भाची. हे सगळं आपलं उगाच, पण मला अशी माहिती गाळवत नाही.)

१९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन बनवणारं काम थांबवते. १९८२ चं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. प्लेटलेटच्या बाबतीत यातली खुबी अशी: ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमला कायमचं बिघडवून टाकते. बाकीच्या पेशी नवं एन्झाइम बनवतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, म्हणजे सोर्स कोडच जवळ नाही, पॅच लावणार कुठून? ती आठ-दहा दिवसांचं आयुष्य तशीच काढते. म्हणून इतकी छोटी गोळी पुरते, आणि म्हणून रोज घ्यावी लागते, कारण रोज नव्या प्लेटलेट बाजारात येत असतात. "रक्त पातळ करायची गोळी" हे आपण म्हणतो ते तसं चुकीचंच. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त प्लेटलेटचा चिकटपणा जातो.

एका मामांनी मध्येच सल्ला दिला की गोळी कशाला, कच्चा कांदा खाऊ घाला. कांदा-लसणानं प्लेटलेटचं चिकटणं कमी होतं हे प्रयोगशाळेत १९७० च्या दशकातच दिसलं होतं, त्यामुळे मामा पूर्ण चूक नाहीत. पण नळीतल्या रक्तावर दिसणं वेगळं आणि पोरीचा स्ट्रोक टळणं वेगळं. कांदा आमच्याकडे तसाही रोज असतोच.

आता कहाणीतला मुख्य माणूस, कॅनडाचे न्यूरॉलॉजिस्ट हेन्री बार्नेट. १९७८ मध्ये त्यांच्या गटानं ५८५ पेशंटची चाचणी छापली. हे सगळे स्ट्रोकचा छोटा इशारा मिळालेले, म्हणजे आमच्या भाचीसारखं दहा मिनिटं काहीतरी होऊन बरे झालेले लोक. कुणाला ॲस्पिरिन आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. ॲस्पिरिनवाल्यांत स्ट्रोक किंवा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. क्रेव्हनना जे दाखवता आलं नाही ते इथे दिसलं. पण आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे काढल्यावर फायदा फक्त पुरुषांत दिसला. झालं, ॲस्पिरिन बायकांना चालत नाही अशी समजूत काही वर्षं चालली. पुढे मोठ्या चाचण्या एकत्र केल्यावर ती चूक निघाली.

डेटा बारीक चिरत गेलं की काय होतं याचं सगळ्यात धमाल उदाहरण १९८८ च्या आयसिस-टू या चाचणीतलं आहे. हार्ट ॲटॅकचे १७,१८७ पेशंट, ॲस्पिरिननं मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. संपादकांनी आग्रह धरला की वेगवेगळ्या गटांचे आकडेही द्या. मग संशोधकांनी खवचटपणे राशींचे गट दिले! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटा. बाकी दहा राशींना उत्तम. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी हे साप्ताहिक भविष्यात कसं छापलं नाही कोण जाणे.

परत बार्नेटकडे. दरम्यान सर्जन गप्प बसले नव्हते. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी झुरिकला गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली टाळूच्या कातडीतली धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडली. बंद पडलेल्या मेन लाइनला बायपास. हे ऑपरेशन जगभर जोरात सुरू झालं. दिसायला तर्कशुद्ध होतं, नळी बंद आहे तर दुसरी जोडा. बार्नेटनी १९७७ पासून त्याचीही चाचणी लावली. १,३७७ पेशंट, सगळ्यांना ॲस्पिरिन, आणि त्यातल्या निम्म्यांना शिवाय ऑपरेशन. १९८५ मध्ये निकाल आला. ऑपरेशनचा फायदा शून्य! गोळी जिंकली असंच सगळ्यांनी वाचलं आणि ते ऑपरेशन बहुतेक ठिकाणी बंद पडलं.

फक्त मोयामोयासाठी ते चालू राहिलं. बार्नेटचे पेशंट होते चरबी साचून, कचरा अडकून धमनी खराब झालेले, वयस्कर. मोयामोयातल्या धमन्यांत चरबी नसते, भिंतीच आतून जाड होत जातात. म्हणजे दाजी जे म्हणत होते तेच. दुसऱ्या प्रकारच्या नळीला पहिल्या प्रकारचा निकाल लागू होत नाही. जपानमध्ये मात्सुशिमा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मुलांसाठी आणखी सोपी रीत छापली. टाळूची धमनी कापून जोडायचीच नाही. ती चालू ठेवून तशीच मेंदूच्या पृष्ठभागावर निजवायची आणि शिवून टाकायची. काही महिन्यांत उपाशी मेंदू तिच्यातून आपोआप नवे फाटे ओढून घेतो. दाजींना फोनवर समजावताना मी अडखळत होतो, तर तेच म्हणाले, "म्हंजी दाब कलम." फांदी झाडापासून न तोडता मातीत दाबायची, मुळं फुटायची वाट बघायची. यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्याच निबंधात मिळालं नाही.

मग गोळी का? इथे दोन तट पडतात.

एक तट म्हणतो, नळी आवळलेली असली तरी आत रक्त रेंगाळतं, आणि रेंगाळलेल्या रक्तात प्लेटलेट चिकटून बारीक गुठळ्या होतात, त्या पुढे सुटतात. शिवाय नवं कलम उघडं राहायला हवं. बॉस्टनचे मायकेल स्कॉट यांनी १४३ मुलांच्या ऑपरेशनचा अनुभव २००४ मध्ये छापला. त्यांच्याकडे ॲस्पिरिन हा उपचाराचा ठरलेला भाग. दुसरा तट, मुख्यतः जपानमधला, म्हणतो की इथला मूळ प्रश्न दाबाचा आहे, गुठळीचा नाही. आणि शिवाय धोका आहे. धुरासारख्या दिसणाऱ्या त्या नाजूक वाहिन्या मोठ्या वयात फुटतात. आशियातल्या प्रौढ पेशंटांत रक्तस्राव हीच मोठी भीती. २०१४ मध्ये जपानच्या ८० पेशंटांच्या चाचणीनं दाखवलं की एकदा रक्तस्राव झालेल्यांना बायपास केला तर तो पुन्हा होणं कमी होतं. अशा रोगात प्लेटलेटचा चिकटपणा घालवायचा म्हणजे बूच लावणाऱ्यालाच रजेवर पाठवायचं. २०१२ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या तज्ज्ञांना विचारलं तर ही दरी स्पष्ट दिसली. आशियाबाहेरचे बहुतेक जण कायम ॲस्पिरिन देणारे, आशियातले बरेचसे साशंक. रोग तोच, गोळी तीच.

दुर्मिळ रोगाची हीच पंचाईत असते. हार्ट ॲटॅकचे सतरा हजार पेशंट सहज जमतात. मोयामोयाचे, जिथे तो बराच आढळतो त्या जपानमध्ये, २००३ च्या पाहणीत अख्ख्या देशात अंदाजे ७,७०० होते. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायला माणसं आणायची कुठून?

उत्तर आलं कोरियातून, आणि ते आमच्या धंद्याच्या वाटेनं आलं म्हणून मला जास्त भावलं. तिथे सगळ्या देशाचा एकच आरोग्य विमा, त्यामुळे सगळ्या देशाचा एकच डेटाबेस. २००२ ते २०१६ मधल्या मोयामोयाच्या २५,९७८ पेशंटांच्या नोंदी काढून सिओ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापलं की अँटीप्लेटलेट गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २३ टक्के कमी होता. त्यातही सिलोस्टाझोल या गोळीचा फरक जास्त दिसला. ही गोळी जपानच्या ओत्सुका कंपनीची, तिथे १९८८ पासून वापरात. ती प्लेटलेटला आवरतेच, शिवाय रक्तवाहिन्या थोड्या सैल करते. २०१० च्या एका जपानी चाचणीत, मोयामोया नसलेल्या स्ट्रोकच्या पेशंटांत, ॲस्पिरिनपेक्षा तिनं रक्तस्राव कमी केल्याचं दिसलं होतं. म्हणजे ज्या दोन मुद्द्यांवर तट पडले होते त्या दोन्हींवर ती जरा बरी.

पण हा कोरियाचा निकाल चिठ्ठ्या टाकून आलेला नाही. कुणाला गोळी मिळाली आणि कुणाला नाही, हे डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवलेलं. रक्तस्राव झालेल्याला, जास्त खंगलेल्याला गोळी टाळली असणार. मग गोळी घेणारे जगले ते गोळीमुळे की मुळातच धट्टेकट्टे होते म्हणून? संशोधकांनी हिशेबात तडजोडी करून हे फरक काढून टाकायचा प्रयत्न केलाय. तो पूर्ण निघत नाही. लॉग बघून कारण ठरवलेल्या कुणालाही हे माहीत आहे. तरीसुद्धा पंचवीस हजार नोंदींत गोळी घेणारे मोठ्या संख्येनं रक्तस्रावानं मेले असते तर ते इथे दिसलं असतं. एकंदर पारडं उलट्या बाजूला झुकलं, आणि माझ्या दृष्टीनं दाजींना सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं.

तर मागच्या रविवारी बांधावर बसून दाजींना सांगितलं. गोळी नळी रुंद करत नाही, तुमचं बरोबर आहे. रुंदीचं काम दाब कलमाचं. गोळी फक्त रेंगाळलेल्या पाण्यात शेवाळ धरू देत नाही. ते किती धरतं यावर मोठ्या मोठ्या लोकांचं एकमत नाही, पण तुम्ही आठ दिवस बंद केलीत ते कुठल्याच तटाला मान्य झालं नसतं, कारण त्यातलं कुणीच डॉक्टरांना न विचारता बंद करा म्हणत नाही. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रुपयाच्या आत येती म्हणून इश्वास बसंना. पाचशेची असती तर गुमान दिली असती."

ऑपरेशनची एक बाजू झाली आहे. दुसरी काही महिन्यांनी. फुगे, पिपाणी बंद, पाणी भरपूर प्यायचं, आणि तिला रडू द्यायचं नाही. हे शेवटचं कलम ती पुरेपूर वापरते.

आणि परवा रात्री पुन्हा दाजींचा फोन. शाळेत दोन पोरांना कांजिण्या आल्यात. मेडिकलवाला पुन्हा म्हणाला, पोरांना ॲस्पिरिन देत नसतात. या वेळी मला माहीत होतं की तो बिचारा खोटं बोलत नव्हता. डग्लस रे या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६३ मध्ये मुलांच्या मेंदू आणि यकृतावर घाला घालणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत लक्षात आलं की फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत तो होतो. तेव्हापासून मुलांच्या तापाला ॲस्पिरिन बंद. भाचीला मात्र ती तापासाठी नाही, म्हणून एकाएकी थांबवायलाही भीती आणि चालू ठेवायलाही.

मी दाजींना म्हटलं, या वेळी मी काही शोधत नाही, सरळ डॉक्टरांना मेसेज टाका. टाकला. अर्ध्या तासात उत्तर आलं: आज नेहमीची गोळी द्या, कांजिण्यांची लस झाली होती का ते कार्ड बघून उद्या सकाळी फोन करा, ताप किंवा पुरळ दिसलं तर रात्रीसुद्धा करा.

ताई आत्ता कपाट उपसून लसीकरणाचं कार्ड शोधतेय. मी साडेनऊच्या एसटीनं पुण्याला परततोय, सापडलं की फोटो पाठवते म्हणाली.